दारव्ह्याचं लेझीम बर्लिनच्या व्यायामशाळेत

आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात सहा ते दहा वयोगटातली मुलं यंदाच्या वसंतात लेझीम शिकताहेत. शिकवणारे आबा दारव्ह्याचे. यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून त्यांची सगळी नोकरी झाली आणि आता ते लेकीकडे तीन महिन्यांसाठी आले आहेत. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला प्रभातफेरीपुढे लेझीम चालवणं हे तिकडच्या गुरुजींचं ठरलेलं काम. ते त्यांनी इथे आल्या आल्या अंगावर घेतलं.

लाकडी दांडा, त्याला जोडलेली लोखंडी साखळी आणि साखळीत सळसळणाऱ्या चकत्या, एवढंच हे साधन. पण ते वाजवणं सोपं नाही. पहिल्या तासाला मुलं ते नुसतंच खुळखुळवत होती. आबांनी सगळ्यांना थांबवलं आणि ‘चार आवाज’पासून सुरुवात केली. पहिला आवाज कमरेत वाकून, पायाजवळ. मग अंग सरळ करत उरलेले. दांडा आणि साखळी एकदम जवळ आली तरच आवाज नेमका निघतो, रेंगाळली की नुसता खडखडाट. एका मुलीच्या अंगठ्याशेजारची कातडी साखळीत चिमटली. आबांनी तिच्या दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून दिली आणि म्हणाले, ‘‘हात ढिला सोड माय, पकड घट्ट नको.’’ पुढच्या शनिवारी तीच मुलगी रांगेच्या टोकाला उभी राहून इतरांना मोजणी देत होती. ‘एक जगह’, ‘पवित्रा’, ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’ हे हुकूम जर्मन शाळेत जाणारी ही मुलं आता झोपेतही म्हणतील.

आपल्या भागाचं लेझीम या शहराला अगदीच परकं नाही. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला आलं होतं आणि त्यांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं इथे करून दाखवली होती. काळ हिटलरचा, आणि आपण गुलाम देशातले. अशा वेळी वऱ्हाडातल्या आखाड्यात घडलेल्या तरुणांनी परक्या मैदानात आपली विद्या मांडली, याचा मला फार अभिमान वाटतो. अमरावतीहून यवतमाळ एसटीनं दोन-अडीच तासांवर. तिकडच्या शाळांच्या मैदानांवर कवायत आणि लेझीम रुजलं, ते त्याच व्यायामपरंपरेच्या हवेत.

मला एका गोष्टीबद्दल मनापासून बोलायचं आहे. परदेशातल्या आपल्या कार्यक्रमांत लेझीम हल्ली सिनेमाच्या गाण्यावर पाच मिनिटांचं नृत्य होऊन बसलं आहे. ते देखणं असतं, टाळ्याही पडतात. पण तिथे ताल गाणं देतं, मुलांना तो धरून ठेवावा लागत नाही. आबांनी ध्वनिक्षेपकाला हातच लावला नाही. एका पालकांनी हलगी धरली आणि तिच्यावर मुलं चालली. एकाचा आवाज चुकला तर सगळी रांग बिघडते, म्हणून शेजारच्याकडे कान द्यावा लागतो. ज्याला मराठीत धड वाक्य जुळवता येत नाही असा मुलगाही इथे रांगेत पूर्ण धरला जातो. आपली संस्कृती शिकवायची म्हणतो ती याहून वेगळी काय असते?

1 मे म्हणजे महाराष्ट्र दिन, आणि जर्मनीत कामगार दिनाची सुटी. त्या दिवशी उद्यानात ही मुलं लेझीम खेळतील. आबा मेअखेरीस परत जातील. पुढचा वर्ग घ्यायला मोठ्या मुलांतली दोघं तयार झाली आहेत, मात्र लेझिमं कमी पडतात. इथे मिळणारी हलकी, पातळ पत्र्याची नीट वाजत नाहीत. दिवाळीत यवतमाळ, अमरावतीकडे जाणाऱ्यांनी येताना बॅगेत लहान मुलांच्या मापाची दोन-दोन लेझिमं आणावीत, दांडा शिसवी नसला तरी चालेल, साखळी मात्र लोखंडीच हवी.