सामाजिक दायित्वाकडून शाश्वततेकडे : महाराष्ट्रातील साखर उद्योगाचे चिकित्सक अवलोकन

उद्योगांचे सामाजिक दायित्व आणि औद्योगिक शाश्वतता या दोन संज्ञा वाणिज्य व व्यवस्थापनाच्या अध्यापनात बहुधा जोडीने आणि पुष्कळदा समानार्थी म्हणूनच वापरल्या जातात. वस्तुतः त्या दोन भिन्न प्रश्नांशी संबंधित आहेत. नफा मिळाल्यानंतर त्यातील काही भाग समाजासाठी कसा खर्च करावा, हा दायित्वाचा प्रश्न होय; तो नफा मुळात कोणाच्या पाण्यावर, कोणाच्या श्रमावर व कोणत्या हिशेबाने मिळविला, हा शाश्वततेचा. जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये मांडलेली तिहेरी ताळेबंदाची कल्पना या दुसऱ्या प्रश्नाकडे निर्देश करणारी होती. भारतीय विधिमंडळाने मात्र पहिला प्रश्न हाती घेतला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते, आणि नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात होणारे कार्य त्यात धरले जात नाही. धंद्याचाच खर्च धर्मादाय म्हणून दाखविला जाऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा की, कंपनीने बांधलेली शाळा दायित्वात मोजली जाते, स्वतःच्या उत्पादनप्रक्रियेत केलेली सुधारणा मोजली जात नाही.

महाराष्ट्रातील साखर उद्योगात हा भेद विशेष ठळकपणे दिसतो. सहकारी साखर कारखाने सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेले असल्याने कलम १३५ त्यांना लागू होत नाही. तरीही सामाजिक दायित्वाची परंपरा त्यांनी त्या कायद्याच्या सहा दशके आधीच सुरू केली होती. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात १९५० साली सुरू झालेल्या प्रवरानगरच्या कारखान्यामागोमाग शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, अभियांत्रिकी शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, आणि पुढे हाच कित्ता पश्चिम महाराष्ट्रात गिरविला गेला. ग्रामीण उच्च शिक्षणाचा मोठा भाग या साखरेवर पोसला गेला आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रश्न असा आहे की, हे औदार्य कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या फडापर्यंत का पोहोचले नाही.

याचे उत्तर हिशेबाच्या रचनेत आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये ठरणारी रास्त व किफायतशीर किंमत ही कारखान्याच्या दारातील किंमत असते. तोडणी व वाहतूक कारखानाच करवून घेतो, पण तिचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून वजा करतो. तोडणी करणारी टोळी मुकादमाची, उचल मुकादमाच्या नावावर, करार त्याच्याशी. तोडणीचे दर मात्र कारखान्यांचा राज्यस्तरीय संघ आणि कामगार संघटना वाटाघाटीने ठरवितात. जानेवारी २०२४ च्या तडजोडीत त्यात ३४ टक्के वाढ झाली. म्हणजे दर ठरविणारा कारखाना, कामाचा दिवस ठरविणारा कारखाना, आणि तरीही मालक मात्र कारखाना नव्हे! नवरा-बायकोची जोडी जिथे ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, तिथे स्त्रीला स्वतंत्र मजूर म्हणून हजेरीपटावर स्थान नसते. मग तिच्या आजारपणाची, बाळंतपणाची जबाबदारी कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. दुखणे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड, या व्यवस्थेशी त्याचा संबंध उघड आहे. येथे दायित्वाची मर्यादा अधिकच स्पष्ट होते. कंपनी कायदा स्थानिक क्षेत्राला प्राधान्य देण्यास सांगतो. सहकारी कारखान्याचे औदार्यही सभासदांच्या कार्यक्षेत्रापुरते असते. कोल्हापूर-सांगलीच्या फडात सहा महिने राबणारे बीडचे कुटुंब या दोन्ही व्याख्यांत बसत नाही. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपावर प्रतिटन १० रुपये आकारण्याचा निर्णय स्वागतार्ह असला, तरी तोही मूळ नाते न बदलता वरून घेतलेली वर्गणीच आहे.

पाण्याची गोष्टही निराळी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले; त्याच हंगामात मराठवाड्यात उसाचे गाळप झाले होते. उसासाठी ठिबक सिंचन सक्तीचे करण्याचा निर्णय शासनाने २०१७ मध्ये घेतला. पण एक टन साखरेमागे किती पाणी खर्ची पडले, हा आकडा कारखान्याच्या वार्षिक अहवालात उताऱ्याच्या शेजारी छापला जात नाही, तोवर त्या निर्णयाला व्यवहारात धार येणार नाही.

दायित्वाकडून शाश्वततेकडे जाणे म्हणजे या उद्योगापुरते तरी प्रथम तोडणी मजुराचे नाव, पुरुषाचे व स्त्रीचे वेगवेगळे, कारखान्याच्या नोंदवहीत येणे आणि त्यांचा विमा, निवारा, प्रसूतिरजा यांचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून न कापता साखरेच्या उत्पादनखर्चात धरला जाणे होय. त्याने साखर महागेल, हा आक्षेप खरा आहे. आज ती स्वस्त आहे ती कोणाच्या तरी शरीराच्या मोबदल्यात, हेही तितकेच खरे. हा वाढीव खर्च कारखान्याने एकट्याने सोसावा, अशी अपेक्षा मात्र अवास्तव ठरेल. शीतपेये व मिठाई उद्योगातील मोठे खरेदीदार स्वतःचे शाश्वतता अहवाल नियमाने प्रसिद्ध करतात. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातील फडांचा संबंध जागतिक शीतपेय कंपन्यांच्या साखर खरेदीशी जोडून दाखविला, तेव्हा त्या अहवालांची पोकळी दिसली. ‘सेबी’ने २०२३ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या २५० कंपन्यांना पुरवठासाखळीची माहिती देण्याची चौकट आखली होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती माहिती ऐच्छिक करण्याचे ठरले. माहिती ऐच्छिक झाली की फडातली जोडी पुन्हा कोणत्याच कागदावर येत नाही.