तुणतुण्याचा मान

एखादा गृहस्थ सभेंत किंवा घरांत तीच तीच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगूं लागला, म्हणजे ‘झालें याचें तुणतुणें सुरू’ असें आपण सहज म्हणून जातों. या बोलण्यांत एका वाद्याची अवहेलना भरली आहे, याकडे बोलणाराचें लक्ष नसतें व ऐकणाराचेंही नसतें. परंतु वाक्प्रचार हे समाजानें पूर्वींच देऊन टाकलेले निवाडे असतात. ज्या वाद्याच्या साथीवर मराठ्यांचा इतिहास कित्येक पिढ्या खेडोपाडीं ऐकला गेला, त्याचें नांव सुशिक्षितांच्या भाषेंत कंटाळ्याचें दुसरें नांव होऊन बसावें, हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हें तपासण्याचा येथें आमचा विचार आहे. वाद्याचा मानापमान ही एरवीं लहान गोष्ट असेल; पण आपल्या शाहिरी काव्याची आजवर जी परीक्षा झाली ती या अवहेलनेमुळें एकांगी झाली आहे, असें आमचें मत आहे, आणि तें आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

ज्यांनीं तुणतुणें जवळून पाहिलें नसेल त्यांच्याकरितां थोडें वर्णन अवश्य आहे. लांकडाचें एक लहानसें पोकळ नळकांडें. त्याचें वरचें तोंड उघडें, खालचें कातड्यानें मढविलेलें. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला एक काठी उभी पक्की केलेली असते व तिच्या शेंड्याजवळ एक खुंटी असते. कातड्याच्या मध्यांतून निघालेली एकच तार पोकळींतून वर येऊन त्या खुंटीला गुंडाळलेली असते. खुंटी पिळून ती तार गाणाराच्या षड्जाला मिळवावयाची आणि लांकडाच्या लहानशा तुकड्यानें छेडीत राहावयाचें. या वाद्याला पडदे नाहींत, दुसरी तार नाहीं. गोंधळांत संबळाबरोबर, वाघ्यामुरळीच्या जागरणांत दिमडीबरोबर, तमाशाच्या फडांत ढोलकीबरोबर आणि पोवाड्यांत डफाबरोबर तें उभें असतें. शाहिराच्या पुढें मात्र तें कधीं येत नाहीं, नेहमीं मागें, झीलकऱ्यांच्या ओळींत.

या मागल्या ओळींतल्या वाद्यानें काय केलें हें समजण्यास पुण्याच्या ग्रंथालयांपेक्षां वेल्हें-भोरकडील खोरीं अधिक उपयोगीं पडतील. तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवर पासली हें गांव आहे. तीच वाट पुढें मढे घाटानें कोंकणांत उतरते. सिंहगड घेतांना १६७० च्या फेब्रुवारींत पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटानें उमरठ्यास नेला, अशी या भागांतली परंपरा आहे. पासलीसारख्या गांवीं तानाजी छापील पुस्तकांतून आला नाहीं. पुस्तक तेथें पोहोंचण्याच्या कितीतरी आधीं तो गोंधळ्यांच्या व शाहिरांच्या तोंडून तेथें येऊन राहिला होता. लग्नानंतर घातलेल्या गोंधळांत आधीं देवतांना आवाहन व्हावयाचें, मग आख्यान किंवा पोवाडा रंगावयाचा. ऐकणारा भातशेतीचा शेतकरी, त्याला अक्षरओळख नाहीं. पण कोण कोणत्या कड्यानें चढला व कोण कोठें पडला हें त्याला मुखोद्गत. त्याचें इतिहासाचें शिक्षण झालें तें रात्रीच्या प्रहरीं आणि एका तारेच्या नादावर.

आपल्या सुशिक्षित वर्गाला हाच पोवाडा मुख्यतः छापखान्यानें भेटविला. हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ मध्यें ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील निवडक पोवाडे ॲक्वर्थ यांनीं १८९४ मध्यें इंग्रजी पद्यांत उतरविले. पुढें १९२८ मध्यें यशवंत नरसिंह केळकर यांचा ‘ऐतिहासिक पोवाडे’ हा ग्रंथ निघाला. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा किंवा सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा आज कोणालाही घरीं बसून वाचतां येतो, हें या संपादकांचें ऋण आहे व तें फेडण्यासारखें नाहीं. तथापि कागदावर आले ते केवळ शब्द. डफ आला नाहीं, तुणतुणें आलें नाहीं. झीलकऱ्यांचा ‘जी जी’ आला तो कोठें कोठें, आणि तोही एखाद्या अनावश्यक अव्ययासारखा.

येथून परीक्षेंतील घोटाळ्याला आरंभ झाला. कागदावरचा पोवाडा हातीं घेऊन टीकाकार त्याला आर्येची आणि श्लोकाची मोजपट्टी लावूं लागले. मग दोष भराभर दिसूं लागले: ओळी लहानमोठ्या, मात्रांचा मेळ नाहीं, यमकें ओढून आणलेलीं, पुनरुक्ति फार, मध्येंच गद्य. वर्गांत पोवाडा शिकवितांना हे दोष सांगून वर ‘तरी पण यांत एक रांगडा जोम आहे’ असें प्रमाणपत्र देण्याची रीत आम्हीं स्वतः अनेक वर्षें ऐकली आहे. या प्रमाणपत्रांत औदार्य असेल, पण समज नाहीं. पोवाड्याची ओळ डोळ्यांनीं मोजावयाची नसतेच. डफाच्या थापेनें आणि तुणतुण्याच्या छेडीनें कालाची जी घरें पाडून ठेविलेलीं असतात, त्यांत ती बसवावयाची असते. ओळींत अक्षरें कमी पडलीं तर शाहीर स्वर लांबवितो. अधिक झालीं तर तीं एका दमांत रेटून नेतो. लढाईच्या वर्णनांत अक्षरांची जी दाटी वाचकाला ओबडधोबड वाटते, तिनेंच श्रोत्याचा श्वास कोंडतो. वृत्त मोडलें असें ज्याला वाटतें त्यानें वृत्त शब्दांत शोधलें. तें होतें मागल्या ओळींत.

गद्याचेंही तसेंच. चौक संपतो, शाहीर गाणें थांबवून बोलूं लागतो. परंतु मागें तार मंदपणें चालू राहिली म्हणजे तें बोलणें नुसतें बोलणें राहत नाहीं. श्रोत्याच्या कानांत षड्ज टिकून असतो, गतीचें स्मरण टिकून असतें आणि पुढचा चौक शाहिराला नव्यानें उभारावा लागत नाहीं, उचलावा लागतो. पुनरुक्तीचें कारणही पुस्तकांत सांपडणार नाहीं. झीलकरी पालुपद उचलतात तेव्हां शाहिराला दम घेण्यास आणि पुढची ओळ मनांत जुळविण्यास अवधि मिळतो. श्रोत्यालाही ऐकलेलें पचविण्यास तेवढीच फुरसत मिळते.

यावर कोणी म्हणेल कीं, एका स्वराचें वाद्य तें एका स्वराचेंच. त्याच्या गौरवाचें एवढें काय? या आक्षेपाला उत्तर आपल्याच देवघरांत आणि दिवाणखान्यांत आहे. तंबोरा काय करतो? गवयाच्या मागें बसून एक आधार अखंड धरून ठेवतो. ख्यालाची एक तानही तो वाजवीत नाहीं. तरी त्याला गवसणी घालतात आणि त्याला पाय लागला तर नमस्कार करतात. वारकऱ्यांच्या सप्ताहांत वीणा अहोरात्र खालीं ठेवीत नाहींत; पहारा बदलतो, खांदा बदलतो, पण वीणा उभी असते, आणि विणेकऱ्याच्या पायां पडण्यांत थोरांनाही कमीपणा वाटत नाहीं. काम एकच. मग तंबोऱ्याला नमस्कार, वीणेला दंडवत आणि तुणतुण्याला वाक्प्रचार, असें कां? नादाची गोडी कमीअधिक आहे हें आम्ही मान्य करतों. पण एवढ्यानें हा भेद उलगडत नाहीं. तुणतुणें ज्यांच्या हातांत होतें ते गोंधळी, वाघे आणि तमासगीर होते, हें त्याचें खरें कारण होय. सोलापूरच्या रामजोशांसारखा व्युत्पन्न ब्राह्मण कवि फडावर उभा राहिला, ही गोष्ट दोनशें वर्षें नवलाची म्हणून सांगितली जाते, यांतच सर्व आलें. आपण वाद्याची निंदा करतों तेव्हां तें धरणारा हात आपल्या डोळ्यांपुढें असतो.

लोकवाद्याला मान देणारा समाज कसा असतो याचें एक उदाहरण दूर देशाचें असलें तरी पाहण्याजोगें आहे. मध्य आशियांतील गवताळ प्रदेशांत पूर्वीं पशुपालन करून फिरत राहणाऱ्या कझाक लोकांचें दोंब्रा हें दोन तारांचें, लांब मानेचें वाद्य आहे. त्यांचे ‘अकिन’ म्हणजे शीघ्रकवि दोंब्रा हातीं घेऊन एकमेकांशीं काव्याचा सामना करतात. कलगीतुऱ्याचे सवालजवाब ज्यांनीं ऐकले आहेत त्यांना ही गोष्ट परकी वाटूं नये. परंतु दोंब्र्याचा खरा विशेष ‘कुइ’ हा आहे. कुइ म्हणजे शब्दांवांचून वाद्यावरच सांगितलेली कथा. त्यांची एक दंतकथा अशी कीं, चंगीझखानाचा पुत्र जोची याचा मुलगा शिकारींत रानगाढवाकडून मारला गेला. अशुभ वार्ता आणणाराच्या घशांत तापलेलें शिसें ओतण्याची आज्ञा असल्यामुळें कोणी तोंड उघडीना. शेवटीं एका वादकानें ती वार्ता दोंब्र्यावर वाजविली. खानाला अर्थ कळला. पण वार्ता वाद्यानें सांगितली म्हणून शिसें दोंब्र्यावर ओतलें गेलें, आणि तेव्हांपासून त्याच्या अंगावर भोंक आहे! एकोणिसाव्या शतकांतील कुर्मानगाजीसारख्या वादकांचे कुइ आजही तेथें वाजतात. १९३४ मध्यें अखमेत झुबानोव यांनीं लोकवाद्यांचा वृंद स्थापिला, २०१४ मध्यें युनेस्कोनें दोंब्रा-कुइच्या कलेची मानवजातीच्या वारशांत नोंद केली, आणि २०१८ पासून तेथें जुलैचा पहिला रविवार दोंब्रादिन म्हणून पाळतात.

हें वाचून आपणही तुणतुणेंदिन पाळावा असा अर्थ कोणी काढूं नये. त्या मानालाही किंमत द्यावी लागते. पश्चिमेकडील कझाक दोन्ही तारांवर मनगटाचे जलद आघात करीत, पूर्वेकडील बोटांनीं हळुवार छेडीत. वाद्यांचे आकारही निराळे. वृंदांत एकत्र बसवावयाचें म्हणजे वाद्य एकसारखें करावें लागतें, आणि त्यांत असें वैचित्र्य घासून जातें. शिवाय दोंब्रा स्वतः बोलतो, तुणतुणें दुसऱ्याला बोलतें ठेवतें. एकट्या तुणतुण्याची मैफल भरविणें हें त्याचें हंसें करून घेणें होय. ज्याचें जें काम त्या कामांत त्याला ओळखणें हाच त्याचा मान.

तें काम आज कोण करतो? विसाव्या शतकांत शाहिरीनें पुन्हां जोर धरला. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत हजारोंच्या सभांतून घुमला. शाहिरी जिवंत आहे याबद्दल वाद नाहीं. पण व्यासपीठावर पेटी आली, मागाहून विजेवरचे सूरपट आले, आणि तुणतुणें पुष्कळ ठिकाणीं शोभेपुरतें उरलें. पेटीवर आमचा राग नाहीं. मात्र पेटी गाणाराचा प्रत्येक स्वर त्याच्या पाठोपाठ वाजविते आणि श्रोत्याचें लक्ष चालीकडे ओढते. तुणतुणें फक्त पायरी दाखवून बाजूला होतें आणि मधली सगळी जागा शब्दाला मोकळी ठेवतें. ज्या काव्यांत कथा सांगावयाची आहे, नांवें-गांवें कानांत स्पष्ट पडावयाचीं आहेत, त्याला हीच साथ मानवते. गर्दीच्या सभेंत पोवाड्याचे शब्द कळले नाहींत, फक्त आवेश कळला, अशी तक्रार अलीकडे ऐकूं येते. तिचें मूळ थोडेंबहुत येथें आहे.

तेव्हां आमचें सांगणें थोडक्यांत असें. जो कोणी यापुढें पोवाड्यांचें संपादन करील त्यानें पाठभेदांइतकाच साथीचाही विचार करावा. झील कोठें पडते, चौक कोठें उचलतो, गद्याखालीं तार चालू राहते कीं थांबते, हें नोंदवावें. ध्वनिमुद्रणाचीं साधनें घरोघर असतां हें अशक्य नाहीं. जो कोणी पोवाडा शिकवील त्यानें तो आधीं ऐकवावा, मग वाचावा. आणि ज्या पासलीसारख्या गांवांतून हीं गाणीं आपल्याकडे आलीं, तेथें अजून गोंधळ घालणारे हात आहेत, तोंपर्यंत त्यांच्याकडे संग्राहकानें शिष्य होऊन जावें, परीक्षक होऊन नव्हे. इतकें झाल्यावर वाक्प्रचार राहिला तरी चालेल. भाषेंतून शब्द हुकुमानें निघत नाहींत. पण घरांतलें मूल उद्यां ‘तुणतुणें म्हणजे काय?’ असें विचारील तेव्हां त्याला कंटाळ्याची व्याख्या न सांगतां एक तार ऐकवितां यावी, एवढी तजवीज आपल्या पिढीनें केली पाहिजे.