जादूच्या नगरीतील पुरावा

‘प्रोफेसर लेटन विरुद्ध फीनिक्स राइट’ (२०१२) या जपानी खेळात लॅबिरिंथिया नगरीतील चेटकिणींचे खटले चालतात. तेथे मंत्रग्रंथ हाच जणू पुराव्याचा कायदा होय. मंत्रांचे परिणाम त्यात नोंदलेले असल्यामुळे अद्भुतातही तर्काला पाय टेकावयास जागा मिळते. अनेक साक्षीदार एकदमच जबानी देतात, आणि एकाच्या वाक्याने दुसरा चपापतो. ही योजना खरोखर नामी आहे. शेवटी मात्र सारी जादू संमोहन व यंत्रे यांचा बनाव ठरते. या उलगड्यावरील खेळाडूंचा आक्षेप केवळ असंभाव्यतेचा मानणे अपुरे आहे. ज्या नियमांवर विसंबून त्यांनी आरोपीस सोडविले, ते नगरीच्या कथाकारानेच रचलेले निघाले. बचावाचा वकील इतका वेळ एका लेखकाच्या संहितेचेच अर्थ लावीत होता.