दोन प्रतिमा जुळतात तेव्हा

देवळीच्या आमच्या घरात अब्बांच्या लोखंडी पेटीत एक यशिका इलेक्ट्रो 35 कॅमेरा आहे. रेंजफाइंडर जातीचा. त्याच्या खिडकीतून पाहिले की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा, एकमेकींपासून जराशा सरकलेल्या. भिंगाभोवतीचे कडे फिरवायचे. दोन्ही प्रतिमा एकीत एक मिसळल्या की अंतर जुळले. मग कळ दाबायची. आवाज इतका बारीक की शेजारी बसलेल्यालाही कळू नये. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल भरला की 36 चित्रे मिळत. म्हणून अब्बा आधी बराच वेळ बघत आणि मग एकदाच टिपत.

आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. तरीही काही तरुण असे जुने कॅमेरे आणि काळी-पांढरी फिल्म शोधत फिरतात. ही नुसती जुन्याची हौस आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. पण या ओढीचे गोडवे गाण्याआधी तिची पारखही केली पाहिजे.

या कॅमेऱ्याच्या मर्यादा उघड आहेत. दूरचे जवळ ओढण्याचे भिंग त्याला मानवत नाही. फुलाच्या पाकळीइतके जवळही त्याला जाता येत नाही. भिंगावरचे झाकण तसेच राहिले तरी खिडकीतून सारे स्वच्छ दिसते आणि रोल धुतल्यावर फजिती कळते. पण याच मर्यादांतून त्याचा अदब आला आहे. माणूस टिपायचा तर माणसाजवळ जावे लागते. आत हलणारा आरसा नसल्याने खटका मोठा वाजत नाही आणि कळ दाबतानाही समोरचा चेहरा डोळ्यांआड होत नाही. चौकटीबाहेरचे थोडे जगही दिसत राहते.

जर्मनीत ऑस्कर बर्नाक यांच्या कल्पनेतून निघालेला लायका कॅमेरा 1925 साली बाजारात आला, आणि 1932 च्या नमुन्यात अंतर जुळवण्याची ही सोय भिंगाशी जोडली गेली. हा कॅमेरा घेऊन फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ 1947 साली हिंदुस्थानात आले. लायकाच्या चकाकणाऱ्या भागांवर ते काळी पट्टी चिकटवत, फ्लॅश टाळत. 30 जानेवारी 1948 रोजी, खुनाच्या काही वेळ आधी, ते गांधीजींना भेटले होते. पुढची अंत्ययात्राही त्यांनी टिपली.

हा अदब महाग कॅमेऱ्याचीच देणगी आहे, असे मात्र कुणी समजू नये. देवळीहून वर्धा ओलांडले की सेवाग्राम. तिथे गांधीजींचे नातू लागणारे कनू गांधी यांनी 1938 नंतरच्या दहा वर्षांत त्यांची असंख्य छायाचित्रे काढली. त्यांचा रोलीफ्लेक्स रेंजफाइंडर नव्हता, दोन भिंगांचा होता. पण गांधीजींनी घातलेल्या तीन अटी पाहा: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचे नाही आणि खर्च आश्रमाकडून मागायचा नाही. साध्या कॅमेऱ्याचे सारे तत्त्वज्ञान या तीन अटींत आले आहे. समोरच्याला न डिवचता, न सजवता, त्याच्या चालत्या दिवसात मिसळून बघणे. कनू गांधींच्या चित्रांतला मोकळेपणा या बंधनांतून आला.

आता खरा प्रश्न. असे अदबीने बघितले म्हणजे समोरचा माणूस कळतोच काय?

कार्तिए-ब्रेसाँ यांनी 1948 साली श्रीनगरच्या हरी पर्बत टेकडीवर काढलेले एक चित्र जगभर गाजले आहे. उंचावर काही स्त्रिया, बहुतेक पाठमोऱ्या. एकीने दोन्ही तळवे पुढे पसरले आहेत. समोर दरी, ढग आणि दूरचे डोंगर. चित्र पाहून कुणाचाही श्वास क्षणभर थांबेल, आमचाही थांबतो. पण त्याखाली छापली जाणारी ओळ वाचली की आम्ही अडखळतो. हिमालयामागून उगवणाऱ्या सूर्याकडे प्रार्थना करणाऱ्या मुस्लिम स्त्रिया, असा तिचा आशय. श्रीनगरहून किब्ला पश्चिमेला आहे, आणि सूर्याची प्रार्थना कोणी मुसलमान करत नाही, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. ते पसरलेले हात दुआचे असावेत. त्याच टेकडीच्या उतारावर हजरत मखदूमसाहेबांचा दर्गा आहे, त्याचा उल्लेख त्या ओळीत नाही.

इथे आम्ही कॅमेऱ्याला दोष देत नाही. कॅमेऱ्याने हात टिपले, पाठी टिपल्या, त्या स्त्रियांचा खासगीपणा राखला. चूक शब्दांची आहे. दिसलेले आणि कळलेले या दोन प्रतिमा तिथे जुळल्याच नाहीत, आणि कडे फिरवण्याची तसदी कुणी घेतली नाही.

काळ्या-पांढऱ्या रंगाविषयीही असेच सावध राहायला हवे. त्याचे एक मोठे देणे आहे: हिरवे आणि भगवे दोन्ही त्यात करड्याच्या छटा होतात. आपल्या वस्तीचे चित्र म्हणजे हिरवा झेंडा आणि टोप्यांची रांग, असे ठरवून आलेल्या नजरेला इथे चेहऱ्याकडे बघावेच लागते. पण याच्या उलट बाजूही आहे. रघुवीर सिंह यांनी 1966 साली जयपुरात कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहिले, आणि तरीही आयुष्यभर रंगच निवडला. भारतीय नजर मुळात रंगांतून बघते, काळे-पांढरे ही पश्चिमेची उदासी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सहज उडवून लावता येत नाही. करडा रंग गरिबीला फार चटकन सुंदर करतो. मात्र काळ्या जमिनीत पांढरा कापूस वेचणाऱ्या आमच्या मुलखाला हे दोन रंग परके वाटत नाहीत, एवढे आम्ही नोंदवतो.

अब्बांच्या पेटीत कॅमेऱ्याखाली फोटोंचा गठ्ठा आहे. ईदगाहवरून परतणारे लोक, शादीतली देग, ओसरीवर सुपारी कातरणारी एक म्हातारी. चित्रे अदबीची आहेत, कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. पण पाठीमागे एकावरही नाव नाही. ती म्हातारी कोण, हे घरात आज कुणालाच सांगता येत नाही. परक्याने आपल्या दुआला सूर्याची प्रार्थना म्हटले, याचा आपल्याला राग येतो. आपण मात्र आपल्याच माणसांखाली एकही ओळ लिहिली नाही. मग ती ओळ उद्या दुसरा कोणी लिहील, आणि त्याला सुचेल तशी लिहील.

फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहायला फार वेळ लागत नाही. ज्यांना आठवते ती माणसे अजून आहेत, तोवर हे काम उरकले पाहिजे. आम्ही या गठ्ठ्यापासून सुरुवात केली आहे.