घडीचा वारसा की घडीतली चूक?

प्रायॉनबद्दल मराठीत लिहिताना ‘बिघडलेले प्रथिन’ हा शब्दप्रयोग सहज वापरला जातो. मॅड काऊसारख्या रोगाबद्दल तो खटकत नाही. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या बाबतीत मात्र त्यात पुराव्याआधीच निकाल लागलेला असतो. माझा आक्षेप केवळ शब्दापुरता नाही. वारसा कशाला म्हणायचे, हा प्रश्न त्याच्या मागे उभा आहे.

१९६५ साली ब्रायन कॉक्स यांनी यीस्टमधल्या एका चमत्कारिक गुणाची नोंद केली. आज तो ‘साय-प्लस’ म्हणून ओळखला जातो. अडेनाइन बनवण्याच्या जनुकात मध्येच पूर्णविराम पडला, की यीस्टच्या वसाहती लाल होतात. साय-प्लस पेशी हा पूर्णविराम अधूनमधून ओलांडतात आणि वसाहती पांढऱ्या राहतात. मेंडेलच्या हिशेबाने संकरातल्या चार बीजाणूंपैकी दोघांत हा गुण यायला हवा होता. तो चौघांतही येई. म्हणजे तो केंद्रकातल्या जनुकांत नव्हता. मग होता कुठे?

उत्तराला जवळजवळ तीस वर्षे लागली. मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगाचा माग काढताना स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ‘प्रायॉन’ हा शब्द घडवला. संसर्गाचा अर्थ त्यात जन्मापासूनच आहे. १९९४ मध्ये रीड विक्नर यांनी ही कल्पना यीस्टला लावली. साय-प्लसमध्ये पूर्णविरामावर थांबवायला मदत करणारे ‘सप-३५’ हे प्रथिनच वेगळी घडी घेते, त्याचे तंतू बनतात आणि कामाला थोडेच रेणू उरतात. तंतूच्या टोकाला आलेला नवा रेणूही तीच घडी घेतो. डीएनएमधले एक अक्षरही बदलत नाही.

मराठी वाचकाला इथे विरजण आठवेल. पण विरजणात जिवंत जिवाणू असतात, त्यांचा स्वतःचा डीएनए असतो. म्हणजे जे वगळायचे तेच उपमेतून परत येते. पाकात सोडलेला खडीसाखरेचा दाणा अधिक जवळचा. तरी तो नुसता वाढतो, वाटला जात नाही. वारशाला वाटणी लागते. यीस्टमध्ये ते काम ‘एचएसपी-१०४’ हे दुसरे प्रथिन करते. ते तंतू मोडते आणि तुकडे कन्यापेशीत जातात. हे प्रथिन काढून टाकले, तर साय-प्लस काही पिढ्यांत नाहीसा होतो, असे १९९५ मध्ये दिसले. ते फार झाले तरीही तो जातो! मोडणाराच इथे वारसा चालवतो. ‘बिघडलेले’ म्हटले की सारे लक्ष एका रेणूच्या दोषावर जाते आणि पेशीचा हा संसार नजरेआड होतो.

या वारशाचे मोल काय, यावर तज्ज्ञांत दोन पक्ष आहेत. सुझन लिंडक्विस्ट आणि हेदर ट्रू यांनी २००० साली दाखवले, की काही परिस्थितींत साय-प्लस पेशी सरस ठरतात. विक्नर यांच्या गटाने २००५ मध्ये ७० रानटी वाण तपासले. एकातही साय-प्लस सापडला नाही. उपयुक्त गुण निसर्गात दिसू नये का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. २०१२ मध्ये लिंडक्विस्ट यांच्या गटाने सुमारे ७०० वाण पाहिले. साय-प्लस निघाले अवघे १०. पण सुमारे एक-तृतीयांश वाणांत एचएसपी-१०४ रोखताच काही ना काही गुण बदलले.

मला या वादात दोन प्रश्नांची गल्लत दिसते. एखादा गुण वारशाने येतो का, हा एक; तो हिताचा आहे का, हा दुसरा. थॅलसेमिया हिताचा नाही, पण म्हणून त्याला कोणी वारशाबाहेर काढत नाही. जनुकांना दिलेली ही मुभा प्रथिनाला नाकारण्याचे कारण काय? विक्नर म्हणतात तसा साय-प्लस यीस्टचा रोग ठरला, तरी तो वारशाने आलेलाच रोग असेल.

म्हणून यीस्टबद्दल लिहिताना ‘वेगळ्या घडीचे प्रथिन’ म्हणावे. वाद अजून मिटलेला नाही. तो मिटेपर्यंत निदान विशेषणाने तरी एका पक्षाची वकिली करू नये.