'यलो' : पदक नसते तर?

महेश लिमये यांच्या 'यलो' (२०१४) या चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने मोठेपणीची भूमिका स्वतःच केली आहे. तिच्या जागी नटी घेतली नाही, हेच चित्रपटाचे मोठे यश.

पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असल्याने ही अवस्था उद्भवते, हे लेज्यून व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवले. स्नायू सैल राहतात, शिकणे सावकाश होते, पण होते. चित्रपटातून हे नेमके कळते.

उणीव वेगळीच आहे. गौरीला खंबीर आई, प्रशिक्षक आणि तलाव मिळाला. फटाक्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या, दुष्काळी भागातल्या तेरखेड्यात असे मूल असेल तर? पदकाशिवाय त्याला मान मिळेल का? चित्रपट इथे गप्प राहतो.

२०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क दिला. 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. पालकांना हे शिक्षकांनीच सांगायला हवे. चित्रपट वर्गात जरूर दाखवावा, आणि मग विचारावे : गौरी हरली असती, तर आपण तिला शेजारी बसवले असते का?