सिनॉप्सिसमधून गळलेला ‘काही’

परवा नवी पेठेत झेरॉक्स काढताना एका ज्युनिअरने त्याचा सिनॉप्सिस वाचायला दिला. पहिलंच वाक्य: ‘कॅन्सर स्टेम सेल्समध्ये अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स जास्त असतात, म्हणून त्या रेडिएशनला दाद देत नाहीत.’ संदर्भ डीन आणि सहकाऱ्यांचा, ‘नेचर’, २००९.

पेपर दमदार आहे. स्तनाच्या कर्करोगातल्या स्टेम सेल्समध्ये आरओएस, म्हणजे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं, कमी आढळली. लेखक तिथे थांबले नाहीत. बीएसओ देऊन त्यांनी ग्लुटाथायोन घटवलं; मग या पेशींच्या कॉलनी कमी झाल्या आणि रेडिएशनचा परिणाम वाढला.

पण वाचताना आपण दोन चुका करतो. एक, लेखक ‘काही ट्यूमर्समध्ये’ म्हणतात. आपण तो ‘काही’ गाळतो. दोन, बीएसओ ग्लुटाथायोन बनवणारं एन्झाइम रोखतं. त्यावरून एसओडी किंवा कॅटालेजची भूमिका सिद्ध होत नाही. शिवाय डीसीएफडीएची चमक कमी दिसली म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच कमी, असंही थेट म्हणता येत नाही.

आपल्या पुण्यात, एनसीसीएसमध्ये, शर्मिला बापट यांच्या गटाने २००५ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगात स्टेम सेल्ससारख्या पेशी दाखवल्या. स्तनातला निष्कर्ष तिथे चालेल का? मोजल्याशिवाय कसं सांगणार?

ज्युनिअरच्या आराखड्यात फक्त वेस्टर्न ब्लॉट होता. त्यातून एन्झाइमचं प्रमाण कळेल, भूमिका नाही. जीन बंद करा, कॉलनी मोजा, जीन परत आणा, पुन्हा मोजा. उद्या अशाच वाक्यांच्या भरवशावर कुणाची तरी ट्रीटमेंट ठरणार आहे. तेव्हा सिनॉप्सिस सबमिट करण्याआधी तो ‘काही’ परत लिहा.